चारही चाकांचे बळ

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता शहाडजवळ उल्हास नदी ओलांडतो आणि शहराचा गजबजाट हळूहळू मागे पडू लागतो. दोन्ही अंगांना भातखाचरे, मध्येच एखादी वीटभट्टी आणि दूरवर सह्याद्रीची निळसर रांग. या वाटेवरच्या एखाद्या गावात, गोठ्याच्या आडोशाला किंवा जांभळाच्या झाडाखाली, कधीकधी एक विलक्षण वस्तू दृष्टीस पडते. तिच्या अंगावर घोसाळ्याचा वेल चढलेला असतो. बसण्याच्या जागी कोंबडीने अंडी घातलेली असतात. मागचा उघडा हौदा सरपण साठवण्याच्या कामी आलेला असतो. चारही टायरांतील हवा केव्हाच निघून गेल्यामुळे ती गुडघे टेकून बसलेल्या बैलासारखी दिसते. ही एके काळची जीप होय.

भंगारवाला तिच्याकडे पाहतो तेव्हा त्याला केवळ लोखंडाचे वजन दिसते. जाणता मिस्त्री मात्र आधी वाकून तिच्या पोटाखाली पाहतो. मग पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर हात फिरवतो. तेथे लोखंडाचा एक फुगीर गड्डा हाताला लागला, की त्याचा चेहरा उजळतो. त्या काळच्या साध्या मोटारीला असा गड्डा मागच्या आसालाच असे. या गाडीला तो पुढेही आहे, याचा अर्थ इंजिनाचे बळ हिच्या चारही चाकांना पोहोचते. जीप दिसणाऱ्या प्रत्येक गाडीत ही सोय नसते. आपल्या देशात केवळ मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या जीपही पुष्कळ विकल्या गेल्या. म्हणून हा गड्डा सापडेपर्यंत मिस्त्री किमतीविषयी चकार शब्द काढीत नाही.

या गाडीचा जन्म मोठ्या घाईत झाला. युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. जुलै १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली, की टेहळणीसाठी हलकी आणि चारही चाकांनी चालणारी गाडी कोण बनवून देईल? नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करावयाची होती. बहुतेक कारखानदारांनी ही अट वाचूनच कागद बाजूला ठेवला. बँटम नावाच्या एका लहान आणि कर्जबाजारी कंपनीने मात्र हे धाडस पत्करले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ती गाडी लष्कराच्या आवारात जाऊन उभी राहिली.

पुढे जे घडले ते बँटमच्या दृष्टीने फारसे न्यायाचे नव्हते. एवढ्या लहान कारखान्याला हजारो गाड्या पुरवता येणार नाहीत, असे लष्कराला वाटले आणि त्याने तिचे आराखडे विलीज व फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनाही दाखविले. विलीजच्या गाडीत बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. ते सर्वांत जोरकस ठरले आणि मोठे काम विलीजला मिळाले. पाठोपाठ फोर्डनेही त्याच नमुन्याच्या गाड्या काढल्या. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. 'जीप' हे नाव कोठून आले याविषयी मात्र जाणकारांत आजही एकमत नाही.

कल्याणच्या परिसराला लष्करी गाड्यांची ओळख त्याच काळात झाली. युद्धकाळात कल्याणजवळ सैन्याची विस्तीर्ण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आजही तेथील लोक आपला पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. युद्ध सरल्यावर लष्कराने देशभर नको झालेल्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग विकून टाकले. त्यातील कित्येक जीप शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या आणि सरकारी खात्यांच्या दारी गेल्या.

त्यानंतर भारतातच जीप तयार होऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झाली होती. तिचे एक भागीदार गुलाम महंमद १९४७ मध्ये पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. के. सी. महिंद्र यांनी अमेरिकेत असताना जीपची कीर्ती ऐकली होती. खडबडीत रस्त्यांच्या या देशाला अशीच गाडी हवी, हे त्यांनी ओळखले. विलीजकडून सुटे भाग आणून ते मुंबईत माझगाव येथे जोडण्याचे काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. पुढे परवाना मिळवून जीपचे भागही येथेच घडू लागले. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, देवीची लस टोचणारे आरोग्यसेवक, निवडणुकीच्या मतपेट्या या सर्वांचा प्रवास अनेक वर्षे जीपने झाला.

जुनी जीप कोणत्या पिढीची आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. रेडिएटरपुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात. युद्धातील जीपला बहुधा नऊ फटी असत. पुढच्या नागरी जीपला सात. मग बोनेटची उंची पाहावी. १९५३ मध्ये विलीजने नवे, अधिक उंच इंजिन बसवले. ते झाकण्यासाठी बोनेट उंचावावे लागले आणि गाडीचा चेहरा थोडा अवघडलेला दिसू लागला. अमेरिकेत हा नमुना बंद पडल्यावरही भारतात तो किरकोळ फेरफारांसह दीर्घकाळ चालू राहिला. त्यामुळे आपल्याकडे गोठ्यामागे सापडणारी जीप बहुतेक या उंच बोनेटच्या घराण्यातील असते.

आता ती गॅरेजात ओढून आणली आहे असे समजू. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवणारे, दंतचक्रे कापणारे, वेल्डिंग करणारे कुशल कारागीर आहेत. जुना भाग बाजारात मिळाला नाही तर तो घडवून देणारा मनुष्य येथे सापडू शकतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवसभर फिरण्याची तयारी असेल तर उरलेली उणीवही भरून निघते.

प्रथम सांगाडा. मिस्त्री त्याला 'चासी' म्हणतात. गाडीच्या लांबीभर दोन पोलादी तुळया जातात आणि इंजिन, आस, हौदा हे सारे त्यांच्यावरच तोललेले असते. खाडीच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने या तुळयांना आतून गंज चढतो, आणि वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून मिस्त्री लहान हातोडी घेऊन वीत-वीतभर अंतरावर ठोकत जातो. निकोप पोलाद 'ठण्ण' असे वाजते. कुजलेले 'ढप्प' असे. एक-दोन ठिकाणी ढप्प वाजले तर तेवढा भाग कापून नवे पोलाद जोडता येते. सगळीकडूनच ढप्प आवाज आला तर मिस्त्री हातोडी खाली ठेवतो. अशी गाडी पुन्हा उभी करणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले चढवण्यासारखे आहे.

वेल्डिंगची ठिणगी पाडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी लागते, आणि ती विसरणे प्राणावर बेतू शकते. या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती आधी उतरवून दूर नेतात. पुष्कळांना वाटते, की भरलेली टाकी घातक आणि रिकामी निर्धास्त. वस्तुस्थिती उलट आहे. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण कोंडलेले असते आणि एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांवरची धूळही फुंकून उडवत नाहीत. पूर्वी त्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसाला अपाय करते. ती ओल्या फडक्यानेच टिपतात.

इंजिन बहुधा जाम झालेले असते. वर्षानुवर्षे उभे राहून सिलिंडर आणि त्यातील दट्ट्या एकमेकांना गंजाने चिकटलेले असतात. येथे बळजबरी उपयोगाची नाही. प्लग काढून त्या छिद्रांतून तेल ओततात आणि चार-आठ दिवस स्वस्थ राहतात. नंतर पुढच्या भोकात हँडल घालून अगदी हलकेच फिरवून पाहतात. कधी एका सकाळी ते हँडल केसभर हलते, आणि सारे गॅरेज काम सोडून भोवती जमते. मग इंजिन उघडून सिलिंडर मोजतात. झीज इंचाच्या हजाराव्या भागात मोजली जाते. कामगार त्याला 'थाऊ' म्हणतात. माणसाचा केस सुमारे तीन थाऊ जाडीचा असतो. पाच-दहा थाऊ झिजलेला सिलिंडर तेल पिऊ लागतो आणि धूर ओकू लागतो. तेव्हा तो कातून थोडा रुंद करतात आणि त्यात मोठ्या मापाचा दट्ट्या बसवतात. पुष्कळ जीपमध्ये मागच्या मालकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेले आढळते, कारण डिझेल स्वस्त पडे. मूळचे इंजिन परत बसवावे की आहे ते राखावे, यावर हौशी लोकांत कडाक्याचे वाद होतात. त्यात कोणाचेच चुकत नाही; ज्याला जशी गाडी हवी तशी त्याची निवड.

ब्रेकच्या बाबतीत मात्र असा वाद संभवत नाही. मूळच्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी नळी एकाच पंपापासून निघते. चालक पायाने दाब देतो, पंप तेल ढकलतो आणि ते तेल चारही चाकांशी ब्रेक आवळते. योजना सुबक आहे. पण या चारांपैकी एका नळीला जरी सुईएवढे छिद्र पडले, तरी सगळे तेल तेथून निसटते आणि चारही ब्रेक एकाच क्षणी निकामी होतात. माळशेज घाट उतरताना हा क्षण आला तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही. आजच्या मोटारींत पंपाचे दोन कप्पे असतात. एका बाजूचे तेल गळाले तरी दुसरी बाजू गाडी थांबवते. शहाणा मिस्त्री जुन्या जीपमध्ये पहिला बदल करतो तो हा. मोठी चाके, रंग, दिवे हे सगळे त्यानंतर. मालकाला नेमके उलटे हवे असते आणि मिस्त्रीचा अर्धा वेळ त्याची समजूत घालण्यातच जातो.

यानंतर तो फुगीर गड्डा उघडला जातो. गॅरेजात काम शिकणारा एखादा मुलगा त्यात डोकावतो आणि हमखास विचारतो,

"काका, एवढी दंतचक्रे कशाला? इंजिनाचा दांडा सरळ चाकांना जोडला असता तर?"

"मग गाडी वळली नसती, बाळ," मिस्त्री म्हणतो. "शाळेत कवायत करतोस ना? चौघांची रांग वळते तेव्हा कडेचा मुलगा कसा चालतो?"

"लांब लांब टांगा टाकीत."

"आणि आतला?"

"तो जवळजवळ जागच्या जागी पाय मारतो."

"चाकांचेही तसेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट बांधले तर एक घासत जाईल. ही दंतचक्रे दोघांना आपापल्या चालीने चालू देतात. हिला म्हणायचे डिफरन्शियल."

परंतु या सोयीतच एक खोट दडलेली आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर दुबळ्या चाकाला जेवढा पेलेल तेवढाच असतो. एक चाक चिखलात रुतले आणि त्याला जमिनीची पकडच उरली नाही, की ते गरगर फिरत राहते. कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक काहीही न करता उभे असते. पावसाळ्यात बांधावर अडकलेला टेम्पो ज्याने पाहिला आहे, त्याने हे दृश्य पाहिलेलेच असते. चारही चाकांना बळ देण्याचा हेतू येथे कळतो. मागची जोडी हतबल झाली तरी पुढची जोडी गाडी ओढते. तरीही पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके एकदम अधांतरी झाली, तर चारचाकी बळाची जीपही अडकते. म्हणून काही जण आसातील दंतचक्रे हवी तेव्हा एकमेकांत अडकवून टाकणारा खटका बसवून घेतात. खटका लागला, की दोन्ही चाके एकजुटीने फिरतात. मात्र तो लावून डांबरी रस्त्यावर वळणे घेतली तर टायर घासतात आणि आस मोडू शकतो. पुढच्या चाकांचे बळही कोरड्या, पक्क्या रस्त्यावर जोडून ठेवत नाहीत, त्याचे कारण हेच.

गिअरपेटीशेजारी जीपला आणखी एक लहान पेटी असते. पुढच्या चाकांचे बळ जोडणे-तोडणे आणि गाडीची चाल अतिशय मंद करणे ही तिची दोन कामे. युद्धकाळच्या जीपमध्ये पहिला गिअर आणि ही मंद चाल एकत्र घेतली, तर चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत इंजिनाचे सुमारे २५ फेरे होतात. इंजिनाचा जोर त्याच पटीत वाढतो. भरलेली जीप खडकाळ चढणीवर मुंगीच्या चालीने पण न थांबता चढते ती या जोरावर. वेगाने उड्या मारीत जाणारी जीप चित्रपटात शोभते. खरा निष्णात चालक एवढा सावकाश जातो, की शेजारून चालणारा मनुष्य त्याच्या पुढे निघून जाईल.

गाडी मूळ स्थितीत चालू लागली, की हौशी मालकाच्या मनात बदलांची इच्छा जागी होते. सर्वांत आधी त्याला मोठे टायर हवे असतात. समजा, जुन्या टायरचा व्यास २८ इंच होता आणि त्याने ३१ इंचांचे टायर आणले. त्याला वाटते, गाडी तीन इंच उंच झाली. प्रत्यक्षात आस दीडच इंच वर जातो, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धा भागच आसाच्या खाली असतो. उलट प्रत्येक फेऱ्यात चाक पूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक अंतर कापते. काट्यावर ४० दिसत असताना गाडी ताशी ४४ किलोमीटरने धावत असते. इंजिनाला चाक फिरवायला अधिक श्रम पडतात; ब्रेकला ते थांबवायला त्याहून अधिक. दीड इंचासाठी एवढे मोल द्यावयाचे की नाही, याचा हिशेब मालकाने टायर विकत घेण्यापूर्वी करावयाचा असतो.

मग येते उंची. आसावर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात आणि त्यांवर गाडी तोललेली असते. उंच कमानी घातल्या, की खडक पोटाला लागत नाहीत. पण गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. हे कागदावर रेखाटून पाहता येते. दोन चाकांमधील अंतर ४८ इंच आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे असे मानले, तर गाडी ४५ अंश कलल्यावर उलटू लागेल. तोच मध्य ६ इंच वर गेला, तर ती ३९ अंशांच्या आतच उलटेल. तिरप्या उतारावर सहा अंशांचा हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून उंची वाढवणारा जाणता मनुष्य चाकांमधील अंतरही वाढवतो, जड सामान हौद्याच्या तळाशी बांधतो आणि आसनांभोवती जाड नळ्यांचा पिंजरा उभारतो. पिंजरा असला तरी कमरेचा पट्टा हवाच. पट्ट्याविना पिंजरा म्हणजे डोके आपटायला एक नवी जागा.

तिसरा बदल विंचचा. पुढच्या बाजूला बसवलेल्या या रहाटाला पोलादी दोर गुंडाळलेला असतो. तो झाडाला बांधून रुतलेली गाडी स्वतःला ओढून काढते. दोर थेट झाडाभोवती आवळला तर साल कापली जाते, म्हणून रुंद पट्टा वापरतात. दोर ताणलेला असताना त्याच्या जवळपास कोणालाही उभे राहू देत नाहीत आणि दोरावर ओले गोणपाट टाकतात. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उसळतो आणि हाडे मोडतो.

याउलट, एका युक्तीला काहीच खर्च येत नाही. टायरांतील हवा कमी करावयाची. रस्त्यावर ३० पौंडांच्या आसपास असणारी हवा १५-१८ पौंडांवर आणली, की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा मोठा पडतो आणि चिखलात तो बुडण्याऐवजी तरंगल्यासारखा चालतो. उंटाचा तळवा वाळूत रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार. परतताना रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते. नाहीतर टायर तापून फुटतो.

बदल करण्यावर कायद्याचेही बंधन आहे. नोंदणीच्या पुस्तकात गाडीचे जे वर्णन असते, त्याच्याशी न जुळणारा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर निर्णय दिला. इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करावी लागते. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली, की तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते. ठाण्याच्या गाडीवर 'एमएच ०४' आणि कल्याणच्या गाडीवर 'एमएच ०५' ही अक्षरे दिसतात. जुन्या जीपवरची त्याहून जुनी अक्षरे पाहून तपासणी करणारा अधिकारीही कधी क्षणभर थांबतो.

गाडी न्यावयाची कोठे, हाही प्रश्न आहे. ठाण्याचे येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहे. तेथे किंवा तानसा अभयारण्यात वाट सोडून गाडी घालणे हा अपराध होय. भाताची रोपे लावलेले खाचर तर कोणाच्या तरी वर्षभराचे अन्न असते. म्हणून हे खेळ बंद पडलेल्या दगडखाणीत किंवा मालकाची संमती घेतलेल्या माळावर होतात. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या शर्यतीची भारतातील आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात होऊ लागली, आणि तिच्यात गाड्यांना चिखलातून आणि ओढ्यांतून वाट काढावी लागते.

या सगळ्याला केवळ खेळ म्हणून चालणार नाही. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत असे पाडे आहेत, की पावसाळ्यात तेथवर रस्ता पोहोचत नाही. आजारी माणसाला किंवा बाळंतपणाच्या वेणा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून माणसे खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणतात. अशा ठिकाणी धडधाकट जीप आणि ती सावकाश चालवणारा चालक गावाच्या जवळपास असणे ही लहान गोष्ट नव्हे. तरी जीपलाही तिच्या मर्यादा आहेत. कल्याण बंदरातून निघालेला माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून जुन्नरला जात असे, तो जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. त्या पायऱ्यांवर चाकाला आजही वाव नाही.

पाण्याचे तर विचारूच नये. हवा आत घेणारी नळी टपापर्यंत उंच नेली, की इंजिनात पाणी शिरत नाही. ते शिरले तर दट्ट्या पाण्याला दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. मग आतला पोलादी दांडाच वाकतो. उंच नळीमुळे इंजिन वाचते, पण गाडीचे वजन वाढत नाही. दोन फूट खोल वाहते पाणी बहुतेक मोटारींना उचलून नेते. जीपलाही नेते. म्हणून ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहू लागले, की आधी काठी टाकून खोली पाहतात आणि प्रवाह जोराचा दिसला तर गाडी अलीकडेच उभी करतात.

पहिल्या चाचणीचा दिवस बहुधा जूनच्या अखेरीस येतो. खाणीच्या तळाशी लाल पाणी साचलेले असते. मालक चालकाच्या आसनावर बसतो, मिस्त्री त्याच्या शेजारी; तो मुलगा मागच्या हौद्यात चढू लागतो, पण मिस्त्री त्याला खाली उतरवतो आणि काठावर उभे करतो. लहान पेटीचा दांडा मागे ओढला जातो. पुढचे डावे चाक डबक्यात उतरते, फिरू लागते आणि चिखल उडवते. मुलगा ओरडतो, "काका, अडकली!"

मिस्त्री हात वर करून त्याला थांबण्याची खूण करतो आणि मालकाला म्हणतो, "गती वाढवू नका. थांबा थोडे." मागचे उजवे चाक मुरुमावर टेकते, त्याला पकड मिळते. गाडी एकदा कुरकुरते, नाक वर करते आणि डबक्याबाहेर येते. मिस्त्री लगेच उडी मारून खाली उतरतो, गुडघ्यावर बसतो आणि ब्रेकच्या नळीवर बोट फिरवून तेल गळत नाही ना, ते पाहू लागतो.